मूल चुकतं तेव्हा काय विचार करत असतं? पियाजेच्या चार अवस्थांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हे या भागाचं शब्दांकन. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

सुरुवात घरातल्या एका भांडणापासून करतो. मागच्या मे महिन्यात ताई माहेरी आली होती. दुपारी ताक केलं. भाची साडेचार वर्षांची, भाचा नऊचा. दोघांना सारख्या दोन फुलपात्रांत ताक दिलं. मग भाच्याने आपलं ताक एका उंच, निमुळत्या ग्लासात ओतून घेतलं, आणि भाचीने भोकाड पसरलं. "दादाला जास्त दिलं!" ताईने समजावलं, आजीने समजावलं. भाचा तर हसायलाच लागला, "अगं येडे, तेच ताक आहे." त्याने पुन्हा फुलपात्रात ओतून दाखवलं. भाची गप्प. परत ग्लासात ओतलं, परत भोकाड.

आता यात इतिहास कुठे आला, असं तुम्ही म्हणाल. गंमत अशी की अगदी हेच भांडण, ताकाऐवजी पाणी आणि सरबत घेऊन, सुमारे नव्वद वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात मुद्दाम घडवून आणलं जात होतं. एक माणूस आणि त्याच्या सहकारी मुलांसमोर ग्लास मांडायच्या, पाणी ओतायच्या आणि विचारायच्या, "आता कुणाकडे जास्त आहे?" मूल "उंच ग्लासात" म्हणालं की ते हसायचे नाहीत आणि चूक दुरुस्तही करायचे नाहीत. पुढचा प्रश्न विचारायचे, "तुला असं का वाटतं?"

त्या माणसाचं नाव ज्याँ पियाजे. तुमच्यापैकी जे डी.एड., बी.एड. किंवा टीईटीचा अभ्यास करताहेत त्यांनी हे नाव ऐकून आत्ताच उसासा टाकला असेल. चार अवस्था, चार वयोगट, जोड्या जुळवा. आज त्या तक्त्यामागची माणसं बघू. आणि तो तक्ता कुठे टिकला, कुठे मोडला, तेही बघू.

चिमणीवर लेख लिहिणारा पोरगा

पियाजेचा जन्म १८९६चा, स्वित्झर्लंडमधल्या नशातेल गावचा. वडील प्राध्यापक, मध्ययुगीन साहित्याचे अभ्यासक. पोरगा लहानपणापासून निसर्गवेडा. १९०७ साली, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षाच्या आसपास, त्याला बागेत एक अर्धवट पांढरी चिमणी दिसली. त्याने त्यावर पानभर टिपण लिहिलं आणि स्थानिक निसर्गप्रेमींच्या मासिकाने ते छापलं.

मग त्याने गावच्या संग्रहालयाचे संचालक पॉल गोदे यांना गाठलं. हे गोगलगाई आणि शिंपल्यांतल्या प्राण्यांचे जाणकार. पोरगा दर आठवड्याला जाऊन शंखशिंपल्यांवर लेबलं लावायला मदत करू लागला. १९११मध्ये गोदे वारले, तोवर शिष्य एवढा तयार झाला होता की स्वतःच्या नावाने लेख छापू लागला. लांबच्या जिनिव्हाच्या संग्रहालयाकडून त्याला काम देऊ केलं गेलं. त्यांना काय माहीत, हा अजून शाळेत आहे म्हणून! १९१८मध्ये डॉक्टरेट मिळवली तीसुद्धा मृदुकाय प्राण्यांवर.

हे सगळं सांगायचं कारण असं. गोगलगाय शांत पाण्यात असेल तर तिचा शंख एक आकार घेतो, लाटा आदळणाऱ्या काठावर असेल तर वेगळा. जीव परिस्थितीशी जुळवून घेतो आणि जुळवून घेताना स्वतः बदलतो. ही कल्पना पियाजेच्या डोक्यात पक्की बसली होती. पुढे त्याने मुलांच्या बुद्धीकडे बघितलं ते असंच. बुद्धी म्हणजे मोठ्यांनी ज्ञान ओतून भरायचा रांजण नाही. ती जगाशी धडका घेत वाढते, असं त्याचं म्हणणं.

पॅरिसमधली कंटाळवाणी नोकरी

१९१९मध्ये तो पॅरिसला गेला. तिथे अल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली तेओदोर सिमोनसोबत जगातली पहिली उपयोगात आलेली बुद्धिमापन चाचणी तयार केली होती. बिने १९११मध्येच गेले होते. सिमोन यांनी या तरुणाला एक काम दिलं. इंग्लंडमधल्या सिरिल बर्ट यांच्या तर्कचाचण्या पॅरिसच्या मुलांवर वापरून बघायच्या आणि कोणत्या वयाला किती उत्तरं बरोबर येतात त्याचे तक्ते करायचे.

आपल्या भाषेत सांगायचं तर ओएमआर शीट तपासण्याचं काम. बरोबर उत्तराला गुण, चुकीला शून्य, खाली बेरीज.

पियाजे कंटाळला. पण मुलांशी बोलता बोलता त्याला एक गोष्ट खटकली. त्या चाचण्यांत या प्रकारचा प्रश्न असायचा: एडिथचे केस सुझानपेक्षा फिकट आहेत, आणि लिलीपेक्षा गडद आहेत. मग सगळ्यांत गडद केस कुणाचे?

जरा थांबा, तुम्हीच करून बघा.

बरोबर उत्तर सुझान. पण बरीच मुलं ठामपणे "लिली" म्हणायची. आता लिली का? पियाजेने विचारून विचारून काढलं. मुलं वाक्य असं ऐकत होती: एडिथ आणि सुझान या दोघी फिकट. एडिथ आणि लिली या दोघी गडद. एडिथ दोन्हीकडे आली, म्हणजे ती मधली. मग उरली लिली, ती सगळ्यांत गडद!

म्हणजे मूल अंदाजपंचे उत्तर देत नव्हतं. "पेक्षा" हा नातं दाखवणारा शब्द ते पकडतच नव्हतं. "फिकट" आणि "गडद" या त्याच्यासाठी चिकटवायच्या चिठ्ठ्या होत्या. त्यानंतरचा त्याचा हिशोब मात्र चोख होता. शिवाय एकाच वयाची, एकमेकांना न ओळखणारी मुलं अगदी तीच चूक करत होती.

इथे गोष्ट फिरली. बिनेच्या परंपरेत प्रश्न होता, मुलाला किती येतं? पियाजेचा प्रश्न झाला, मूल कसा विचार करतं? त्यासाठी बरोबर उत्तरं फारशी कामाची नव्हती, कारण बरोबर उत्तर पाठांतराने किंवा नशिबानेही येऊ शकतं. चुकीच्या उत्तरातून मुलाच्या डोक्यातली वाट दिसते.

चांदोमामा आपल्या मागे का येतो?

१९२१मध्ये एद्वार क्लापारेद यांनी त्याला जिनिव्हाच्या ज्याँ-जॅक रूसो संस्थेत बोलावलं. ही १९१२मध्ये सुरू झालेली, बालशिक्षणावर काम करणारी संस्था. तिच्याशी जोडलेली एक छोटी शाळाही होती. पियाजे मुलांजवळ बसून ऐकू लागला आणि प्रश्न विचारू लागला. स्वप्नं कुठून येतात? वारा कोण करतं? सूर्य जिवंत आहे का?

उत्तरं भन्नाट होती. लहान मुलांच्या मते चंद्र आपल्यासोबत चालतो. रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसलेल्या कुठल्याही पोराला विचारा, तेच सांगेल. ढग जिवंत, कारण ते हलतात. स्वप्न खोलीतच असतं, डोळ्यांसमोर.

"जसं मला दिसतं तसंच सगळ्यांना दिसतं" या लहान मुलांच्या कलाला त्याने आत्मकेंद्रितता म्हटलं. इथे एक गैरसमज होतो. आत्मकेंद्रित म्हणजे स्वार्थी नव्हे. फोनवर आजी विचारते, "काय करतेयस गं?" आणि नात फोनसमोर चित्र धरून म्हणते, "हे बघ!" व्हिडिओ कॉल नाहीये हे तिच्या गावी नसतं. आपण बघतोय ते आजीला दिसत नाही, हे अजून तिला उमगलेलं नाही, इतकंच.

१९२३पासून या कामाची पुस्तकं येऊ लागली आणि तिशीतला पियाजे युरोप-अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पण एक अडचण होती. हे सगळं बोलणाऱ्या मुलांचं होतं. बोलता येण्याआधी बाळ विचार करतं का? करत असेल तर कशाने?

घरातली तीन बाळं

१९२३मध्ये पियाजेचं लग्न व्हॅलेंटिन शातने हिच्याशी झालं. ती त्याच संस्थेतली विद्यार्थिनी. १९२५मध्ये जॅकलिन, १९२७मध्ये ल्युसिएन, १९३१मध्ये लॉराँ अशी तीन मुलं झाली. आईबाप दोघंही वह्या घेऊन बसले. बाळ चोखतं कसं, पकडतं कसं, काय शोधतं, तारखेसकट टिपणं.

त्यातली दोन ऐका.

जॅकलिन साधारण दहा महिन्यांची. बापाने तिचा खेळण्यातला पोपट तिच्या देखत गादीखाली डाव्या बाजूला लपवला. तिने काढला. परत तिथेच लपवला, परत काढला. मग तिच्या डोळ्यांसमोर पोपट उजव्या बाजूला लपवला. जॅकलिनने शोधला कुठे? डावीकडे! पोपट दिसेनासा झाला तरी असतो, इतपत तिला कळलं होतं. पण तो "मी जिथे शोधते तिथे" असतो, अशी तिची समजूत.

दुसरं ल्युसिएनचं, वय साधारण सोळा महिने. आगपेटीत साखळी घातली आणि पेटी अगदी बारीक फट राहील इतकी बंद केली. तिने बोट घालून बघितलं, जमेना. मग ती थांबली. फटीकडे बघत राहिली आणि स्वतःचं तोंड उघडू-मिटू लागली, आधी थोडं, मग आ वासून. आणि एकदम फट ओढून पेटी उघडली. "उघडणं" हा विचार तिच्याकडे शब्दात नव्हता, म्हणून तिने तो तोंडाने केला.

शरीराने सुरू झालेली कृती हळूहळू डोक्याच्या आत जाते, हे पियाजेला इथे दिसलं. १९३६ आणि १९३७च्या दोन पुस्तकांत ही टिपणं आली.

आता तुमच्या मनात आलेला प्रश्न रास्त आहे. तीन मुलं, तीही स्वतःची, तीही शिकलेल्या घरातली. यावरून जगभरच्या बाळांबद्दल बोलायचं? टीकाकारांनी हेच विचारलं. तो मुद्दा डोक्यात ठेवा.

चार पायऱ्या, आणि विसरलेल्या दोघी

आता तो तक्ता. नावं पुस्तकागणिक थोडी बदलतात.

पहिली संवेदन-कारक अवस्था, जन्मापासून साधारण दोन वर्षं. बाळ हातापायांनी आणि तोंडाने विचार करतं. वस्तू नजरेआड गेली तरी असते, हे याच काळात कळतं.

दुसरी पूर्वक्रियात्मक, दोन ते सात. भाषा येते, काठीचा घोडा होतो, रिकाम्या भातुकलीत चहा उकळतो. पण एका वेळी एकाच बाजूकडे लक्ष जातं. ग्लासची उंची दिसते, रुंदी सुटते. माझी भाची इथे होती.

तिसरी मूर्त क्रियात्मक, सात ते अकरा. हाताशी वस्तू असेल तर तर्क नीट चालतो. "उंच आहे पण बारीक आहे", "परत ओतलं तर तेवढंच होईल" हे मनातल्या मनात उलटं करून बघता येतं. माझा भाचा इथे.

चौथी औपचारिक क्रियात्मक, अकरा-बाराच्या पुढे. समोर वस्तू नसतानाही "समजा असं असतं तर" असा विचार करता येतो.

एका पायरीवरून दुसरीवर मूल जातं कसं? बाळ कुत्र्याला "भूभू" म्हणायला शिकतं. गाय दिसते, तीही भूभू. जुन्या कप्प्यात नवी गोष्ट बसवली, याला म्हणतात सात्मीकरण. मग ती हंबरते, कप्पा फुटतो, नवा कप्पा करावा लागतो. हे समायोजन. गोगलगाय आणि लाटा आठवतायत ना? तीच कल्पना.

आता तक्त्यात न दिसणारी दोन नावं. आलिना शेमिन्स्का आणि बार्बेल इनहेल्डर.

संख्येवरचे प्रसिद्ध प्रयोग, म्हणजे बटणांची ओळ पसरून ठेवली की लहान मूल "आता जास्त झाली" म्हणतं ते, १९४१च्या ज्या पुस्तकात आले त्यावर पियाजेसोबत शेमिन्स्काचं नाव आहे. ती पोलंडची. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी तिला ऑशविट्झच्या छळछावणीत टाकलं. ती त्यातून वाचली आणि पुढे पोलंडमध्ये मुलांसाठी काम करत राहिली.

इनहेल्डर विद्यार्थिनी म्हणून जिनिव्हात आली. पाण्यात साखरेचा खडा विरघळला की साखर जाते कुठे, आहे की संपली, हे मुलांना विचारण्यापासून तिचं संशोधन सुरू झालं. चौथ्या अवस्थेचा मोठा आधार तिचाच. किशोरवयीन मुलांसमोर ती लंबक टांगायची. तो हळू किंवा जलद कशामुळे होतो? वजनामुळे, दोरीच्या लांबीमुळे, की ढकलण्यामुळे? लहान मुलं सगळंच एकदम बदलायची. मोठी मुलं एक गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवायची. १९५५चं ते पुस्तक दोघांच्या नावावर आहे. गाईडमध्ये मात्र एकटा पियाजे उरलाय.

त्याच वर्षी जन्मलेला दुसरा माणूस

१८९६. याच वर्षी रशियन साम्राज्यात, आजच्या बेलारूसमध्ये, लेव्ह व्हायगॉट्स्की जन्मला. त्याने पियाजेची सुरुवातीची पुस्तकं बारकाईने वाचली आणि एका मुद्द्यावर ठाम विरोध केला.

लहान मुलं खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलतात ना? "आता हे इथे ठेवू, आता गाडी येणार." पियाजे म्हणाला, हे आत्मकेंद्रित बोलणं. मूल इतरांशी जुळवून घ्यायला शिकलं की ते विरतं. व्हायगॉट्स्की म्हणाला, विरत नाही, आत जातं. तेच पुढे आपलं मनातलं बोलणं होतं. आणि मुळात ते येतं माणसांकडून, आईच्या, भावंडांच्या, शेजाऱ्यांच्या बोलण्यातून. पियाजेचं मूल एकट्याने जग तपासणारा छोटा शास्त्रज्ञ आहे. व्हायगॉट्स्कीचं मूल माणसांच्या गोतावळ्यात शिकणारं आहे. मूल एकटं काय करू शकतं आणि कुणी हात दिला तर काय करू शकतं, या दोन्हींमधल्या जागेत शिकवणं घडतं, असं त्याने मांडलं.

व्हायगॉट्स्की १९३४मध्ये क्षयाने गेला, अवघ्या ३७व्या वर्षी. त्याचं मुख्य पुस्तक त्याच वर्षी आलं, पण १९३६मध्ये सोव्हिएत सरकारने बालविकासाच्या या साऱ्या अभ्यासशाखेवरच वरवंटा फिरवला आणि त्याचं लिखाण वर्षानुवर्षं दडपलं गेलं. इंग्रजी भाषांतर आलं १९६२मध्ये. तेव्हा पियाजेने त्याच्या टीकेला सविस्तर उत्तर लिहिलं. बऱ्याच गोष्टी मान्यही केल्या. पण ऐकायला समोरचा माणूस उरला नव्हता. त्याला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती.

"हे लवकर कसं करायचं?"

१९५७मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेला आपल्या शाळांची काळजी लागली. १९५९मध्ये वुड्स होल इथे शास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जमले. इनहेल्डरही तिथे होती. त्यातून जेरोम ब्रुनरचं गाजलेलं पुस्तक आलं. पुढच्या दहा वर्षांत पियाजे अमेरिकेत घरोघरी पोचला. इंग्लंडमध्ये १९६७च्या प्लाउडन अहवालावरही त्याची छाप होती.

अमेरिकेत व्याख्यानानंतर त्याला एक प्रश्न हमखास यायचा. या पायऱ्या मुलांना लवकर कशा चढायला लावता येतील? त्याने या प्रश्नाला नावच दिलं, "अमेरिकन प्रश्न". त्याला ही घाई पटायची नाही. आता आपल्या आसपास बघा. तीन वर्षांच्या मुलाचे फ्लॅशकार्ड, पाच वर्षांच्याला ॲबॅकसचा क्लास, नर्सरीच्या प्रवेशाला मुलाखत. तो प्रश्न आता नुसता अमेरिकन राहिलेला नाही.

तक्त्याला तडे

सत्तरच्या दशकात पियाजेच्याच प्रयोगांकडे लोक नव्याने बघू लागले.

एडिनबराच्या मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८च्या पुस्तकात एक साधी शंका मांडली. मोठा माणूस मुलाला विचारतो, "दोन्ही ओळी सारख्या?" मूल "हो" म्हणतं. मग मोठा माणूस मुद्दाम एक ओळ पसरवतो आणि तोच प्रश्न परत विचारतो. मुलाला काय वाटेल? "परत का विचारतायत? माझं चुकलं असणार." वर्गात बाईंनी "नक्की?" विचारलं की आपण बरोबर उत्तरही बदलायचो, तसंच. डोनाल्डसन आणि त्यांचे सहकारी जेम्स मॅक्गॅरिगल यांनी एक द्वाड टेडी आणला. तो येऊन ओळ विस्कटायचा. आता तोच प्रश्न विचारला तर चार ते सहा वर्षांची कितीतरी जास्त मुलं "सारख्याच आहेत" म्हणाली.

पियाजे आणि इनहेल्डर यांचा आणखी एक प्रयोग होता, तीन डोंगरांचा. समोरच्या बाहुलीला डोंगर कसे दिसतील ते सांगायचं. लहान मुलं स्वतःला दिसतं तेच सांगायची. मार्टिन ह्यूज यांनी त्याऐवजी लपाछपी मांडली. दोन पोलीस, आडव्यातिडव्या भिंती, आणि पोलिसांना दिसणार नाही असा पोरगा लपवायचा. साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांची सुमारे ९० टक्के उत्तरं बरोबर आली. डोंगर कोण कुठून बघतं याच्याशी मुलांना देणंघेणं नव्हतं. पकडलं जाऊ नये म्हणून लपणं त्यांना बरोबर कळत होतं.

बाळांचंही तसंच. १९८५मध्ये रेने बायारजाँ आणि सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या बाळांना शोधायला सांगितलंच नाही. फक्त ती किती वेळ टक लावून बघतात ते मोजलं. लपलेल्या ठोकळ्यातून फळी आरपार गेल्याचं दाखवलं की बाळं जास्त वेळ बघत राहायची. म्हणजे ठोकळा तिथे आहे याची काहीतरी जाण त्यांना होती. त्या जाणिवेचा नेमका अर्थ काय, यावर वाद अजून चालू आहे.

मला सगळ्यांत आवडतो तो सेनेगलमधला प्रयोग. पॅट्रिशिया ग्रीनफिल्ड यांनी तिथल्या वोलोफ मुलांसोबत पाणी ओतण्याचाच प्रयोग केला. तो १९६६मध्ये छापून आला. शाळेत न गेलेली काही मुलं म्हणायची, पाणी बदललं, कारण "तुम्ही ओतलंत". बाहेरून आलेल्या या बाईंच्या हातात काहीतरी वेगळी ताकद असणार! मग ग्रीनफिल्ड यांनी मुलांनाच ओतायला दिलं. स्वतःच्या हाताने ओतल्यावर कितीतरी जास्त मुलं "तेवढंच आहे" म्हणाली. पहिल्या प्रयोगावर थांबल्या असत्या तर निष्कर्ष निघाला असता की ही मुलं मागे आहेत. अडचण मुलांच्या डोक्यात नव्हती. विचारायची पद्धत त्यांच्यासाठी परकी होती.

पियाजेने स्वतःही १९७२मध्ये मान्य केलं की चौथी अवस्था सगळ्यांना एकाच वयाला आणि सगळ्या विषयांत येते असं नाही. माणूस ज्या कामात मुरलेला असतो त्या कामात ती दिसते. सुतार असो, गाडी दुरुस्त करणारा असो, आपल्या कामात तो पक्का तर्क लावतो. कागदावरच्या कोड्यात अडखळेलही. १९८०मध्ये पियाजे गेला.

मग उरलं काय?

वयाचे आकडे सैल झाले, भिंती पाझरल्या. आज बहुतेक संशोधक ठळक पायऱ्यांऐवजी हळूहळू, विषयागणिक वेगळ्या वेगाने होणाऱ्या वाढीबद्दल बोलतात. पण एक गोष्ट टिकली. मूल म्हणजे अर्धवट भरलेला मोठा माणूस नाही. त्याच्या विचाराला स्वतःचा आकार असतो आणि तो करून, हाताळून, चुकून वाढतो.

हे आपल्याकडे कुणाला कळलंच नव्हतं असं नाही. १९२०च्या दशकात ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करत होत्या. त्यांची प्रेरणा मारिया माँटेसरी होती, पियाजे नव्हे. पण धागा एकाच काळाचा. पियाजे स्वतः स्विस माँटेसरी संस्थेचा अध्यक्ष होता. १९४५मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी माँटेसरी साधनं परवडणार नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, पानं, दगड हीच साधनं झाली. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले मोजणारी ती मुलं आणि नशातेलमध्ये शंख मांडणारा तो पोरगा, मला हे दोन्ही एकदम आठवतात.

आणि आता टीईटी. या परीक्षेत बालमानसशास्त्राला ३० गुण आहेत, पियाजेवर प्रश्न ठरलेला. चार पर्याय, एक बरोबर, बाकी शून्य. ज्या माणसाने बरोबर उत्तरं मोजायचं काम सोडून चुकीच्या उत्तरांमागे आयुष्य घालवलं, त्याला आपण गोळा काळा करून लक्षात ठेवतो. पास व्हायला ते करावं लागतं, मी काही बोलत नाही. पण मित्रांनो, उद्या वर्गात उभे राहाल तेव्हा तो तक्ता दोन प्रकारे घातक ठरू शकतो. एक, "याचं वय झालंय, याला यायलाच हवं" म्हणून मुलावर ढ असा शिक्का मारायचा. दोन, "ही अवस्था यायची आहे अजून" म्हणून शिकवायचंच सोडून द्यायचं. विशेषतः ज्या मुलाची घरची भाषा पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी आहे त्याच्याबाबत हे पटकन होतं. वोलोफ मुलं आठवा. मूल अडकलंय की आपला प्रश्न अडकलाय, हे आधी बघावं लागतं.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. "चूक!" म्हणायच्या आधी "तुला असं का वाटलं?" एवढं विचारायचं. आणि उत्तर पूर्ण ऐकायचं.

मी करून बघितलं. दिवाळीत भाची परत आली, तेव्हा पाच वर्षांची. भाच्याला बाहेर पिटाळलं, दोन फुलपात्रं ताक घेतलं आणि उंच ग्लास तिच्याच हातात दिला. म्हटलं, तू ओत. तिने सांडत सांडत ओतलं. विचारलं, "आता कुणाकडे जास्त?"

बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सारखंच आहे मामा. थोडं सांडलं तेवढं कमी."

म्हटलं, "मग मे महिन्यात एवढी का रडलीस गं?"

"मला तो ग्लास पाहिजे होता ना!"

आता ती तेव्हाही खरंच असं म्हणत होती, की सहा महिन्यांत एक पायरी चढून आता कारण शोधतेय, हे मला सांगता येणार नाही. पण मे महिन्यात आम्ही सगळ्यांनी तिला समजावलं होतं. विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

तुमच्या घरात, शेजारी चार-पाच वर्षांचं कुणी असेल तर हा प्रयोग करा. दुरुस्त करू नका, फक्त ऐका. जे उत्तर मिळेल ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा, मुलाचं नाव न सांगता. पुढच्या भागात व्हायगॉट्स्कीकडे जाऊ. तोवर काळजी घ्या, भेटू.